देवीच्या कापडातला माझा स्कर्ट

मी आजवर एकच स्कर्ट शिवला. त्याची कंबर अडुसष्ट इंच होती. माझी चौतीस. मी गणित शिकवते.

झालं असं, की आमच्या करडीच्या शाळेत नववीला 'वर्तुळ' शिकवता शिकवता मला साक्षात्कार झाला: घेरदार स्कर्ट म्हणजे दुसरं काय? मोठं वर्तुळ, मधोमध लहान वर्तुळ! मग शिंप्याकडे कशाला जायचं? रविवारी सकाळीच मी वर्तमानपत्रं चिकटवून ओसरीभर कागद पसरला आणि सुतळीला पेन्सिल बांधून कंपास केला.

"काय करून राहिली वो?" नवऱ्यानं चहा पिता पिता विचारलं.

"स्कर्ट."

"जमते का तुले?"

"वर्तुळ आहे ते! वीस वर्षं शिकवतेय मी!" (ही वीस वर्षं पुढे मला फार महागात पडली.)

कापडासाठी स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "आई, कपाटातलं कापड घेऊ का?"

"घे ना वो, विचारते कायले?" सासूबाई आतूनच म्हणाल्या.

कपाटात दोन कापडं होती. वर निळं सुती, खाली पिवळाधमक रेशमी कोसा, पाच मीटर, घडीही न मोडलेला. तुम्ही कोणतं घेतलं असतं? मीही तेच घेतलं.

कोशाचा पन्हा अख्ख्या वर्तुळाला पुरेना, म्हणून दोन अर्धवर्तुळं कापली. कात्री सरसर चालली. दोन्ही बाजूंच्या शिवणी मशीनवर घातल्या आणि मोठ्या दिमाखात स्कर्ट डोक्यावरून घातला. तो खांद्यावरून निघाला, कमरेपाशी जराही न थांबता थेट जमिनीवर गेला आणि माझ्या पायांभोवती बसला.

मी कागद बघितला. कमरेच्या घेराला पायनं, म्हणजे ३.१४नं, भागलं की व्यास येतो. तो अर्धा केला की त्रिज्या. तो अर्धा मी केलाच नव्हता! ह्याच चुकीसाठी मी मुलांना दहा-दहा वेळा गणित लिहायला लावते.

तेवढ्यात आतून आवाज आला. "सूनबाई, आठ दिसानं महालक्ष्म्या बसते. तो पिवळा कोसा काढून ठेवजो बरं. दोघींले नेसवाचा आहे."



"को... कोणता कोसा, आई?"

"तोच वो. तुले डेंगू झाल्ता, दवाखान्यात होती, तवा मी बोलली होती माय. पोरगी घरी येऊ दे, तुमाले दोघींले कोसा नेसवीन. कोष्ट्याच्या घरून विणून आणला."

म्हणजे नवस! तोही माझ्याच जिवासाठी बोललेला! आणि मी त्याला कात्री लावून त्याच्याच मधोमध उभी होते. मला खरंच रडू आलं. त्याहून जास्त भीती वाटली. सासूबाईंची तर वाटलीच, पण देवीची जास्त. सासूबाई चार दिवस बोलणार नाहीत. देवीचं काय सांगावं? संध्याकाळी मला कणकण वाटली. मी तापमापक तीनदा लावला. (ताप नव्हता. तरी पपईची पानं कुठे मिळतात ते विचारून ठेवलं.)

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला नमुन्याचा तुकडा देऊन भंडाऱ्याला पिटाळलं. तो झेंडूसारखं भगवं पॉलिस्टर घेऊन आला.

"अहो, हे भगवं आहे!"

"उन्हात पिवळं दिसते."

"देवी उन्हात बसते का?"

"मंग आईले सांगून टाक ना खरं!"

"तुम्ही सांगा."

त्यानं लगेच गाडीला किक मारली आणि शेतावर धान बघायला निघून गेला. त्या आठवड्यात त्यानं धान जितकं बघितलं, तितकं आयुष्यात बघितलं नसेल.

स्कर्ट मी पेपरच्या गठ्ठ्यात लपवून रोज शाळेत न्यायची आणि परत आणायची. घरी सासूबाई रोज विचारायच्या, "कोसा काढला का वो?" मी रोज म्हणायची, "काढते ना, आई." खोटं बोलत नव्हते, फारच आधी काढला होता!

शेवटी तो दिवस उगवला. मुखवटे घासून झाले, देवींची धडं म्हणून पत्र्याच्या दोन कोठ्या पाटावर उभ्या राहिल्या, आंबिलीचा वास सुटला. सासूबाईंनी हात पुढे केला. "आन."

मी गठ्ठा पुढे ठेवला आणि भिंतीला टेकले. पाय धरायचे, की दार धरायचं, ते ठरत नव्हतं.

"हे काय होय?"

"स्कर्ट."

"कोनाचा?"

"माझा."

त्यांनी कमरेचं ते भोक दोन्ही हातांनी ताणलं. मग माझ्या कमरेकडे पाहिलं. मग पुन्हा भोकाकडे. "बाप्पा! याच्यात तं तू दोनदा मावते!"

मी हुंदके देत सगळं सांगितलं: नवस, त्रिज्या, व्यास, पॉलिस्टर.   मग त्यांनी ब्लेड मागितलं. (मी दोन पावलं मागे सरले!) दोन्ही शिवणी उसवल्या, एक अर्धवर्तुळ उचललं आणि एका कोठीभोवती गुंडाळलं. टोकाला टोक नेमकं लागलं. दुसरं दुसऱ्या कोठीला. तेही नेमकं. खाली असा घेर पडला, की कुठल्याही साडीच्या निऱ्यांना पडला नसता.

सासूबाईंनी सुतळीनं कोठी मोजली, मग तीच सुतळी माझ्या कमरेला लावली. बरोब्बर तेवढीच!

"पाय बरं, अर्ध्यातच झाला असता तुया स्कर्ट," त्या म्हणाल्या. "मॅडम ना वो तू?" आणि मुखवट्यांपुढे हात जोडून हळूच म्हणाल्या, "लेकरू आहे माय, चुकलं. पन बरी आहे आता, तुमीच राखली."

मी पुन्हा रडले. यावेळी भीतीनं नाही.

संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका आल्या, त्या देवीपुढून हलेचनात. शेजारच्या ताराबाई तर वाकून घेर मोजायला लागल्या. "काय घेर आहे वो! कोनं शिवलं?"

"आमच्या मॅडमनं," सासूबाई ताठ मानेनं म्हणाल्या. "गनित करून शिवलं."

यंदा गावातल्या चार घरांतून मला शिवणाचं काम आलं आहे. चारही जणींनी आपापल्या कोठीचं माप दिलं. स्वतःच्या कमरेचं अजून एकीनंही दिलेलं नाही.