दाराजवळची खुर्ची

लातुरात शिकवणीच्या वर्गांसमोर त्याचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो मला सर म्हणायचा. भूकंपाला फार दिवस झाले नव्हते. दुकानाचं दार तो विटेनं उघडं अडवून ठेवायचा आणि माणसाचा खेळ पाहून त्याची जागा ठरवायचा.

गप्पा मारत खेळणारे, हरले तरी हसणारे आत भिंतीशी. ओठ चावत एकच टप्पा पुन्हा पुन्हा खेळणारे दाराशी. कुणी कुरकुरलं तर म्हणायचा, "टाइमपासवाला जमीन हलली की आपसूक पळंल. पर तुला भायेर मलाच वढावं लागंल. आतून कुठवर वढू?"

पत्नी गेल्यावर मी तिथं जाऊ लागलो. वरून पडणारे ठोकळे रचायचे, एवढाच सोपा खेळ. अर्थातच मी भिंतीशी बसायचो.

एका दुपारी दुकानाचे पत्रे थरथरले. सगळे बाहेर धावले. मी ठोकळे रचत राहिलो. त्यानं आत येऊन माझा दंड धरला आणि मला रस्त्यावर आणलं. जड ट्रक गेला होता, बाकी काही नाही. पोरं हसली, तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं माझी खुर्ची दाराशी मांडली होती.

"अहो, माझा खेळ तर टाइमपासचा," मी म्हणालो.

"खेळ आसंल सर. पर काल तुमाला वढावं लागलं."

मी बसलो. त्यानं आपलं स्टूल माझ्यामागं ओढून घेतलं.