फॅनबेल्ट ताणून धरला तेव्हा

डॉक्टरांनी "घरी घेऊन जा" म्हणून सांगितलं, तेव्हा आईनं डोळे न उघडताच मान हलवली. तिला तेच हवं होतं. सोलापूरला आणल्यापासून तिचा एकच धोशा होता, मरायचं तर सांगोल्यात, आपल्या अंगणात. मी भाड्याची मोटार ठरवली. मागच्या सीटवर वडिलांच्या मांडीवर तिचं डोकं, पुढं ड्रायव्हरशेजारी मी. मला रडू येत नव्हतं, भीतीही वाटत नव्हती. काहीच वाटत नव्हतं.

मंगळवेढं मागं पडलं आणि इंजिन चिरकायला लागलं. ड्रायव्हरनं गाडी बाभळीखाली घेतली. इंजिन निवेपर्यंत मी आईच्या ओठांना पाणी लावलं.

"आलं का सांगोलं?"

"आलंच," मी म्हणालो.

ड्रायव्हरनं बॉनेट उघडून फॅनबेल्ट अंगठ्यानं दाबला. तो चांगला इंचभर आत गेला.

"लई ढिला झालाय. पंखाच नीट फिरंना, मग इंजिन तापणारच की."

त्यानं डायनामोचा बोल्ट सैल केला आणि लोखंडी टॉमी, हातभर लांब जाड सळई, माझ्या हातात दिली. "ही हितं घाला आन् डायनामो भाईर रेटून धरा, म्हंजी पट्टा ताणून ऱ्हाईल. मी बोल्ट आवळीस्तोवर सोडू नका, न्हाईतर पुन्हा पहिल्यापास्नं."

मी रेटून धरला. उघड्या बॉनेटमुळं गाडीच्या आतलं काही दिसत नव्हतं. खरं सांगायचं तर ते मला बरं वाटलं. एवढं एकच काम होतं आणि ते जमत होतं. पाना फिरवायला जागा कमी, बोल्ट जरा जरा करत आवळायचा. शेवटी ड्रायव्हरनं पुन्हा अंगठा लावून पाहिला. आता अर्धा इंच, हवा तेवढाच.

"सोडा आता."

माझे हात सुटेनात.

"सोडा की दादा, झालं." त्यानं माझी बोटं उकलून टॉमी काढून घेतली.

बॉनेट खाली आलं. वडील आईच्या चेहऱ्यावर पदर ओढत होते.

"हाक का नाही मारली?" मी विचारलं.

"तुजं हात गुतलं हुतं," वडील म्हणाले. "सोडलं असतंस तर पट्टा पुन्हा ढिला पडला असता. तिला घरी न्यायची हाय अजून."

मी पुढं जाऊन बसलो. सांगोल्यापर्यंत गाडीनं कसलीच कुरकुर केली नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा काही वाटलं, तो त्या गाडीचा राग होता.