वाळूचा खड्डा

लढाई संपली त्या हिवाळ्यात साताऱ्यात आमच्या पेठेनं लहानथोरांसाठी बाग करायचं ठरवलं. म्हाताऱ्यांना बाक, बायकांना सावली, पोरांना वाळूचा खड्डा, अशी जागा मी चुन्यानं आखत होतो. ब्रह्मदेशातून परतलेला एक फौजी रोज येऊन बाभळीला पाठ लावून उभा राही. नाव कुणी विचारलं नाही. एके सकाळी तो खणलेल्या खड्ड्यात उतरला आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून पालथा पडला. त्याची पाठ काठाच्या वरच राहिली.

"आवं, खोल करा," तो आतूनच म्हणाला. "समदी न्हाई मावायची ह्यात."

"लढाई संपली, गड्या," मी हसून म्हणालो.

"ते आभाळातल्या इमानाला ठावं हाय व्हय?"

बाग झाली. आजही आभाळात घरघर झाली, की माझी नजर आधी वाळूतल्या पोरांकडे जाते. सगळ्यांची डोकी काठाच्या वर दिसतात.