लाटण्यावर गुंडाळलेली भूमिका

सकाळच्या चहाच्या सुट्टीत, ज्याला इथे स्मोको म्हणतात, फोन उघडला तर निर्मलाबाईंच्या मुलाचा, मंदारचा मेसेज होता. ‘आई आज पहाटे गेली.’ मी ऑकलंडच्या ईस्ट टामाकी भागात एका गोदामात खोकी भरते. डब्यात थालीपीठ होतं, आणि घरी शनिवारी बाईंना द्यायची म्हणून वेगळी काढून ठेवलेली भाजणी. शेजारच्या बाकावरची सामोअन मैत्रीण विचारत होती, “यू ओके?” मी “हो, हो” म्हटलं. मराठीतच.

निर्मलाबाई पुण्यात कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. तेही आपलं साधं इंग्रजी नाही, चारशे वर्षांपूर्वीची तिकडची नाटकं. निवृत्त झाल्यावर मंदारकडे ऑकलंडला आल्या. इथल्या मराठी मंडळात सगळे त्यांना काकू म्हणायचे, मी एकटी बाई म्हणायचे. माझी आई अंथरुणाला खिळली आणि शाळा आठवीतच सुटली, म्हणून कुणाला तरी ‘बाई’ म्हणायचं राहूनच गेलं होतं बहुतेक...

आमची ओळख मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाआधी झाली. मी हॉलवर वडे तळायला गेले होते. बाईंनी एका जुन्या इंग्रजी प्रहसनातला प्रवेश मराठीत केला होता आणि मोलकरणीचं काम करणारी आयत्या वेळी नाही म्हणाली होती. बाई सरळ स्वयंपाकघरात आल्या. “तू करशील का गं?” मी म्हटलं, “नको बाई, मला नाही जमायचं.” “पहिलं ‘नको’ मी धरतच नाही,” त्या म्हणाल्या, “तेल बंद कर आणि चल.”

त्यांनी माझ्या हातात पापडाचं लाटणं दिलं. त्याच्यावर कागदाची लांब पट्टी गुंडाळलेली, आणि पट्टीवर फक्त माझी वाक्यं. प्रत्येक वाक्याच्या आधी एक लांब रेघ आणि समोरच्याच्या बोलण्यातले शेवटचे दोनतीन शब्द. बाकी प्रवेशात काय घडतं, कोण किती बोलतं, काही नाही. बाई म्हणाल्या, त्या काळी नटांना असंच मिळायचं. सगळं हाताने उतरवायचं, कागद महाग, आणि अख्खं नाटक एकाच्या हातात दिलं तर तो दुसऱ्या नाटकमंडळीला नेऊन विकायचा ही धास्ती. तालमी तर जवळजवळ नसायच्याच. बायकांची कामं कोवळी पोरं करायची, हे ऐकून तबल्यावर बसलेले जोशीकाका खूश झाले, “म्हणजे आपल्यासारखंच की!” मला मात्र घाम फुटला होता. “पुढचं काही माहीत नसताना बोलायचं कसं, बाई?” “त्यांनाही माहीत नसायचं. आपले शब्द कधी येतात ते कान देऊन ऐकायचं. तेवढंच काम.”

कार्यक्रमात मी इतकं कान देऊन ऐकलं की घोटाळाच झाला. मालकिणीच्या कामात एक डॉक्टर होत्या, शुभदाताई. “कुठे गेली माझी अंगठी,” असं त्या म्हणाल्या की मी “ही काय, तुमच्याच बोटात” म्हणायचं, असं पट्टीवर होतं. त्या म्हणाल्या, मी बोलले. पण त्यांचं अंगठीचं रडगाणं संपलंच नव्हतं. त्या पुन्हा तेच म्हणाल्या, मी पुन्हा तोंड उघडलं. तिसऱ्यांदा त्या नाटक सोडून खऱ्याच वैतागल्या, “अगं, मला बोलू तरी दे!” हॉल हसून लोटपोट झाला आणि मी विंगेत जाऊन रडले. बाई मागोमाग आल्या. “वेडे, ते शब्द तीनदा मुद्दाम लिहिलेत. तू मधे पडावंस, ती चिडावी, लोक हसावेत म्हणून. लिहिणाऱ्याने लावलेला सापळा आहे तो. जी ऐकत असते तीच त्यात सापडते.” मला आयुष्यात कुणी ‘तू नीट ऐकतेस’ असं म्हटलं नव्हतं.

मग दर शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडे जायला लागले. त्या वाचून दाखवायच्या, मी कोथिंबीर निवडत ऐकायचे. प्लेग आला की नाटकघरं बंद व्हायची आणि नट गावोगाव हिंडायचे, हे त्या सांगत होत्या तेव्हा मला आमच्या गावच्या जत्रेतला तंबू दिसत होता. निघताना खाण्याचा आग्रह ठरलेला. मी दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा वाटी पुढे करायची.

एका शनिवारी त्या म्हणाल्या, “रेखा, ओटाहुहूला मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा वर्ग आहे. तुझं नाव घालू?” मी म्हटलं, “नको बाई, आता कुठे या वयात...” आणि घरी येऊन रात्रभर त्याचाच विचार केला. नवऱ्याला विचारलं. तो पेनरोजला फिटर आहे, म्हणाला, “जा की, मी सोडेन तुला.” परतीला कुठली बस, कुठला स्टॉप, सगळं बघून ठेवलं. आता बाईंनी परत विचारलं की हो म्हणायचं. पुढच्या शनिवारी त्या दुसरंच काही बोलत राहिल्या. त्याच्या पुढच्याही. मला वाटलं, विसरल्या असतील, विचारतील. आपण होऊन कसं म्हणायचं, की मला शिकायचंय? मग त्या आजारी पडल्या.

तेराव्यानंतर भेटायला गेले तेव्हा मंदारची मुलगी इरा घरी होती. ती इथेच जन्मलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. बोलता बोलता म्हणाली, आजीला तुला त्या वर्गाचं परत विचारायचं होतं. “आय टोल्ड हर, आजी, शी सेड नो. यू कान्ट कीप आस्किंग पीपल.” आणि आजीने नातीचं ऐकलं. शेवटपर्यंत सुनेला म्हणत होत्या म्हणे, रेखा आपणहून विचारील, तिला ओढायला नको... पोरीचं चुकलं असं मला वाटत नाही. ती जिथे वाढली तिथे नको म्हणजे नकोच. पण बाई तिच्या सांगण्याने थांबल्या, मी बाई विचारतील म्हणून थांबले.

इराने ओट्याच्या खणातून ते पापडाचं लाटणं काढलं. पट्टी अजून तशीच, वर रबरबँड. “डू यू वॉन्ट इट?” माझ्या तोंडून सवयीने “नको गं, राहू दे तुमच्याकडे” गेलं. तिने मान हलवली आणि लाटणं परत खणात ठेवायला लागली. खण बंद होता होता मी म्हटलं, “थांब. यस. हवंय मला.”

ते आता माझ्या ओट्यावर असतं. पापड मी त्याने लाटत नाही. वर्ग फेब्रुवारीत सुरू होतो, असं फोन करून विचारून घेतलंय. फोनवर काय बोलायचं ते आधी तीनदा म्हणून बघितलं होतं. अधूनमधून पट्टी उलगडते. लांब रेघ, दुसऱ्याचे दोन शब्द... तिथे मी थांबते. पुढचं वाक्य माझंच आहे, पाठही आहे, तरी थांबते.