आधी चाक हलवून पाहा

औद्योगिक वसाहतीतली फिटरची नोकरी सोडून अश्वजितनं महाडात व्हील अलाइनमेंटचं दुकान टाकलं. नियम एकच: मशीन लावण्याआधी गाडीवाल्यानं स्वतः चाक हलवून पाहायचं.

त्याच्या जुन्या शिक्षिका उज्वलाबाईंना एवढा धीर कुठला! दुसऱ्याच दिवशी आंबेनळी घाटातून नवऱ्याला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी साताऱ्याला न्यायचं होतं, आणि गाडी सारखी डावीकडे ओढत होती.

“अरे, दोन ठिकाणी अलाइनमेंट करून झालं. तू मशीन लाव आणि मला मोकळं कर!”

“नुसतं मशीन लावून उपयोग नाय, बाई. हात लावा.”

बाई कुरकुरतच वाकल्या. जॅकवर उचललेलं चाक हलत्या दातासारखं डुगडुगलं.

“स्टिअरिंगचा सांधा गेलाय. घाटात सुटला असता.”

“मग आधी तो बदल,” म्हणत बाई खुर्चीवर बसल्या. अश्वजितनं सांधा बदलला, मग अलाइनमेंट केलं.

दुसऱ्या दिवशी घाट चढून गेल्यावर बाईंनी गाडी थांबवून त्याला फोन लावला.

“गाडी नाकासमोर चालतेय रे. एरवी वळणावळणाला ओरडणारे आमचे हे चक्क झोपले. तुझे फार उपकार झाले, बाबा.”

“सर घोरतायत का?”

“घोरतायत की!”

“मग काम बरोबर झालंय, बाई.”