ताडकळसच्या विहिरीवर

मित्रांनो, हैदराबाद संस्थान विलीन झालं, नवा कारभार आला आणि मी दवाखाना सोडून जिल्ह्याचा आरोग्य अधिकारी झालो. आज ते पद पहिल्यांदा अंगावर आलं.

ताडकळस गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आल्याचं कळताच सकाळीच पोचलो. माझ्या दवाखान्यात येणारी, जुन्या ओळखीची सखूबाई धावत आली. तिच्या मुलीचं बाळंतपण मीच केलं होतं. आता तीच मुलगी जुलाब-उलट्यांनी निपचित पडली होती.

"डाक्टरसाब, सलाईन तुमीच लावा. दुसऱ्याचा भरवसा न्हाई मला."

हात शिवशिवले. पण जिच्या पाण्यातून साथ पसरली होती, त्याच दूषित विहिरीवर समोर बायका अजून पाणी भरत होत्या. सलाईन माझ्यासोबतच्या तरुण डॉक्टरला लावता येत होतं. विहीर बंद करायचा हुकूम मात्र मलाच देता येत होता.

सलाईन त्याच्यावर सोपवून मी विहिरीकडे गेलो. लोक लय चिडले. दुपारपर्यंत समजावलं, भांडलो, शेवटी पाणी शेंदायचे पोहरेच काढून घेतले.

परतलो तेव्हा मुलगी डोळे उघडून बघत होती. सखूबाई तोंड फिरवून म्हणाली, "तुमी आता सायब झालाव."

 त्या विहिरीमुळे जे आजारी पडले असते, पण आता पडणार नाहीत, ते लोक मला कधीच भेटणार नाहीत. तरी मी त्यांचा डॉक्टरच ना? तुम्ही काय म्हणाल?