कांदा काढणी, बाजू दुसरी

कळंबच्या तात्यांनी आयुष्यात कुणाला शिवी दिली नसेल, पण गप मात्र सगळ्या गावाला केलं. रेडिओवर शास्त्रीय गायन लागायची वेळ झाली की ते दाराला लाल पंचा अडकवायचे. पंचा दिसला की आळीतल्या माणसानं बाहेरूनच परत फिरायचं, कारण आत रेकॉर्डिंग चालू! वायर जोडून टेप करायची सोय तात्यांकडे नव्हती. रेडिओसमोर गोधडीची घडी, तिच्यावर टेपरेकॉर्डर, आणि घरात कुणी शिंकायचंसुद्धा नाही.

एकदा त्यांच्या मुलीला बघायला बेल्ह्याची मंडळी आली आणि नेमकं तेव्हाच गाणं लागलं. तात्यांनी हात जोडले, "पावणं, अर्धा तास. मग काय इचारायचं त्ये इचारा." आता बोला! अर्धा तास सगळे गप्प, पोहे पार वातड. जाताना मुलाचे वडील म्हणाले, "घर लई शांत हाय, आमाला पसंत." मुलगी त्याच घरात सुखानं नांदतेय.

डोंबलाचं शांत! तात्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, पंच्याबिंच्याला भीक घालत नसत. गाणं ऐन रंगात आलं की त्यांचा आवाज यायचाच. "हिनं माझी येक कॅसेट धड व्हऊ दिली न्हाई," असं तात्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल.

कॅसेटवर ते गायकाचं नाव किंवा राग लिहीत नसत. शेतात जे काम चालू असेल, तेच नाव: "बटाटा लागवड", "कांदा काढणी, बाजू दुसरी". मी विचारलं, तर माझीच कीव केल्यासारखं बघून म्हणाले, "राग इसरंल पोरी, पर कवा काय काढलं त्ये शेतकरी इसरतो व्हय?"

मंचरला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवरही भरून देते. गेल्या वर्षी तात्या टोमॅटोच्या क्रेटमधून सगळ्या कॅसेटी घेऊन आले. बुरशी चढलेल्या. "वाचीव," एवढंच म्हणाले. मी महिनाभर खपले. एकेक कॅसेटची बुरशी पुसली, ती भरली आणि वर शहाणपणा केला: कॉम्प्युटरवर गाण्याखेरीज सगळं काढून टाकलं. निवेदन, खोकला, भांडी, म्हैस, काकी, सगळं साफ. आधी भरलेलं मूळ रेकॉर्डिंगही कॉम्प्युटरवर जागा पुरत नाही म्हणून पुसलं.

तात्यांनी हेडफोन लावून ऐकलं. मला वाटलं, आता शाबासकी. ते हळूच म्हणाले, "झकास केलंस. पर ही कुटं गेली?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन वर्षांपूर्वी काकींना अर्धांगाचा झटका आला, त्यात त्यांची वाचा गेली. त्यांचा आवाज उरला होता तो या कॅसेटींतच, आणि तो मीच पुसला होता. अशी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

पुन्हा सगळ्या कॅसेटी लावल्या. बुरशी धरलेल्या फितींना दुसऱ्यांदा चालणं झेपेना. काही तुटल्या, काही नुसत्याच किंचाळल्या. गाणी वाचली होती, काकींचा आवाज मात्र हातचा जात होता. शेवटी "कांदा काढणी" तेवढी धडपणे चालली. या वेळी मी एकाही आवाजाला हात लावला नाही.

लॅपटॉप घेऊन कळंबला गेले. काकी खाटेवर पडून होत्या, तात्या उशाशी. गाणं सुरू झालं, आलाप चढत गेला आणि मध्येच खणखणीत आवाज आला, "आवो, म्हशीला पानी दावलं का? का गान्यावरच जगायचं तिनं?"

काकी दचकल्या. मग त्यांनी ओळखलं आणि हसायलाच लागल्या. तोंड वाकडं, आवाज नाही, पण खांदे गदगदा हलत होते. तात्यांच्या डोळ्यांना धार लागली. पुढे तान इतकी सुरेख आली की माझीसुद्धा मान डोलली. तात्यांनी माझा हात धरला.

"गानं ऱ्हाऊ दे, पोरी. हिचं त्येवढंच पुन्यांदा लाव."